बत्तीस सवाष्णी आणि सातवी ब

विजयमाला एक्केचाळीस वर्षांची होती आणि बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या तर कुणी काही बोलत नाही. एका दमात सांगितल्या की समोरचा माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग तिच्या नवऱ्याकडे बघतो आणि मग म्हणतो, छान छान, वेळ चांगला जातो. अहो, वेळ घालवायला माणूस पत्ते खेळेल, पाठाची टाचणं कशाला लिहील? पण हे सांगायचं कुणाला! कॉलेजात बावीस-तेवीस वर्षांच्या मुली तिला काकू म्हणायच्या. सोसायटीत ती वहिनी होती, माहेरी अक्का होती आणि घरात नुसतीच 'अगं' होती. तिला बाई व्हायचं होतं. खडूनं हात पांढरे झालेली आणि पोरं जिला 'बाई, बाई' करून भंडावून सोडतात, ती बाई. बास, बाकी तिचं आयुष्याकडे काही मागणं नव्हतं.

हे बाई होणं ती रोज सकाळी भाकरी थापता थापता उरकून घ्यायची. परातीत पीठ पडलं की तिचा वर्ग आपोआप भरायचा. त्या वर्गात कायम कोवळं ऊन असे. पंखा कुरकुरत नसे, कुणाची रिफिल संपत नसे, कुणाला पाणी प्यायला जायचं नसे. ती चंद्राबद्दल बोलायला लागली की छत हळूच बाजूला सरके आणि भर दिवसा चंद्र खाली डोकावून आपल्याबद्दल काय चाललंय ते ऐकत बसे. मग करपल्याचा वास येई. तिचे यजमान सयाजीराव सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. त्यांनी वीस वर्षांत भाकरीबद्दल एकदाही तक्रार केली नव्हती. सोलापूरची कडक भाकरी लोक पुण्या-मुंबईला पार्सल नेतात, आपल्याला घरात मिळते, एवढंच ते म्हणत आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढत.

खरा वर्ग म्हणजे सराव शाळेतली सातवी ब. तिथं छत सरकत नसे, नुसतं तापे. वाऱ्यांच्या पाठाला एका मुलानं पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं, ती हो म्हणाली, आणि पाठोपाठ सगळा वर्गच तहानेनं व्याकूळ झाला. व्यापारी वारे तिनं चार मुलांना आणि सत्तावीस दप्तरांना शिकवले. तरीही त्या पोरांवर तिचा जीव जडला होता. मुख्याध्यापकांनी तिला सांगून ठेवलं होतं की, जूनपासून तासिका तत्त्वावर एक जागा आहे, तुमचा अंतिम पाठ बघू आणि मग बोलू. म्हणजे अंतिम पाठ जमला तर बी.एड. पदरात आणि सातवी ब सुद्धा पदरात. नाही जमला तर पुन्हा एक वर्ष काकू. परीक्षक बाहेरून येणार होते आणि पाठ होता चंद्राच्या कलांचा.

आता या सगळ्यात ऑनलाइन कुठून आलं? तर ते आणलं कॉलेजातल्या बिराजदार सरांनी. मोफत ऑनलाइन साधनांचा शोध घ्या, त्यांतली पाच अभ्यासा आणि एक अंतिम पाठात वापरा, असा त्यांचा फतवा निघाला. इतर मुलींनी पाच साधनं शोधली. विजयमालानं एकतीस शोधली. कारण साधनं मोफत होती, आणि ज्या घरात चहापत्तीच्या पुड्यावर मिळालेल्या वाट्यांचा अख्खा सेट आहे, त्या घरातली बाई पाचावर कशी थांबेल? चित्रं हलवणारं, आवाज काढणारं, नकाशे फिरवणारं, चक्र फिरवून मुलाचं नाव काढणारं, अशा एकतीस ठिकाणी तिनं नाव नोंदवलं. लागेल कधीतरी म्हणून ठेवून दिलं.

त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला. रोज सकाळी एकतीस जण तिला मेल करून विचारत, 'विजयमाला, कशा आहात? आमच्याकडे मन रमतंय का?' इतक्या आपुलकीनं तिला माहेरूनही कुणी विचारत नव्हतं. ती प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिही. डॅनियल नावाच्या एका गृहस्थांना तर तिनं सोलापूरचं हवामान, सयाजीरावांचं पित्त आणि पाठाची काळजी असं सगळं कळवलं, घरी सगळ्यांना नमस्कार सांगा असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी डॅनियलचं उत्तर आलं की, तुमची मोफत मुदत तीन दिवसांत संपत आहे. तिला फार लागलं ते. मेल यंत्र पाठवतं, त्यात वाईट कसलं वाटून घेतेस, असं सयाजीरावांनी तिला समजावून पाहिलं.

"यंत्र असलं म्हणून काय झालं," ती म्हणाली. "कशा आहात म्हणून विचारलं तर उत्तर द्यायला नको?"

सयाजीरावांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

एकतीसांतलं एक साधन मात्र तिच्या मनात भरलं. शाळेत मुलांना मोबाइल आणायला बंदी, म्हणून निम्मी साधनं आधीच बाद होती. या साधनाला मुलांचा मोबाइल लागतच नव्हता. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड द्यायचं. कार्डावर काळ्या चौकोनांची नक्षी, एक नंबर, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत अ, ब, क, ड. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. बाईंनी आपला मोबाइल वर्गावरून सावकाश फिरवला की लगेच पडद्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढं बरोबर किंवा चूक. फुकटात एकाच वर्गाची यादी ठेवता येत होती, पण तिला तरी कुठं दोन वर्ग होते? त्या दिवशी दोन भाकऱ्या करपल्या. तिला दिसत होतं, कोवळ्या उन्हात एकतीस हात एकदम वर जातायत आणि ती वर्गावरून मोबाइल फिरवतेय.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या सोसायटीत बातमी लपत नाही. सेक्रेटरी अण्णाराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यामुळं त्यांना सगळ्यातलं कळे. मोफत देणारा माणूस आपली माहिती चोरतो, हे त्यांनी जिन्यात पाऊण तास उभं राहून सांगितलं आणि शेवटी ते साधन माझ्याही फोनमध्ये टाकून द्या म्हणाले. तळमजल्यावरच्या गौरम्मा अक्कलकोटच्या. बोलता बोलता कधी कानडीत शिरतील सांगता येत नाही, पण सल्ला नेहमी कामाचा. कार्डं लॅमिनेट करून घे, पोरं चावतात, हा पहिला सल्ला. दुसरा असा, की आधी एकदा करून बघ. करून बघायला एवढी माणसं आणायची कुठून, असं विजयमाला म्हणाली, तर गौरम्मांनी कपाळावर हात मारला. संक्रांतीचं हळदीकुंकू हाय की तुझं शुक्रवारी, बायका बसायलाच येणार, बसव की वर्गात.

तर शुक्रवारी बत्तीस सवाष्णी आल्या. हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ झाला आणि प्रत्येकीच्या हातात एक लॅमिनेट केलेलं कार्ड पडलं. सगळ्यांना ते वाणच वाटलं. नक्षी वेगळीच आहे, कुठून आणलं, यावर गरम भांडं ठेवलं तर चालेल का, अशी चर्चा सुरू झाली. विजयमालानं घसा खाकरून साधनाची माहिती दिली. मग म्हणाली की, यादी करायची आहे, एकेकीनं नाव सांगा. पहिल्या तिघींनी पदर सावरून उखाणेच घेतले.

नवऱ्याचं नको, तुमचं स्वतःचं नाव, असं म्हटल्यावर मात्र सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माझं कशाला, मिसेस पाटील लिही, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, दिग्विजयची आई लिही, त्यावरून सगळे ओळखतात. पण दिग्विजयच्या दोन आया निघाल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर एकेक, आणि साधन एक नाव दोनदा घेईना. मग तीनशे दोनमधल्या वहिनींनी पंख्याकडे बघत सांगितलं, "कमलाक्षी." बारा वर्षं शेजारी राहून विजयमालाला ते ठाऊक नव्हतं. पुढची म्हणाली माझं कृष्णाबाई, लग्नात बदललं होतं, पण हेच लिही. अण्णारावांच्या मिसेस शेवटी आल्या होत्या, त्यांना बत्तीस नंबरचं कार्ड मिळालं, त्या म्हणाल्या नागूबाई. विजयमाला एका बोटानं एकेक नाव टाइप करत होती आणि तिला सारखं वाटत होतं की हा सगळा घोळका आज पहिल्यांदा आपल्या घरी आलाय. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, तिळगुळाचं ताट पुढं करून तिनं ते लपवलं.

मग प्रश्न. चंद्र कलेकलेनं लहान-मोठा का दिसतो? ढगांमुळं, पृथ्वीची सावली पडते म्हणून, चंद्राचा उजळलेला भाग आपल्याला कमी-जास्त दिसतो म्हणून, की चंद्र लांब जातो म्हणून? बत्तीस कार्डं वर गेली. टीव्हीच्या पडद्यावर निकाल लागला. एकतीस जणींनी पृथ्वीची सावली धरली होती. एकट्या गौरम्मा बरोबर आल्या, आणि त्यांनीही कार्ड उलटं धरलं होतं, हे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. बरोबर उत्तराचा मान उलट्या कार्डालाच मिळाला, त्यामुळं गोंधळ माजला. नागूबाईंना तर अपमानच वाटला. चाळीस वर्षं संकष्टीला चंद्राची वाट बघत उपाशी बसलेय मी, त्या म्हणाल्या, आणि हा मोबाइल मला चंद्र शिकवणार?

इथपर्यंत ठीक होतं. खरी बेअब्रू पुढं झाली, कारण कार्डं शाळेसाठी लागणार होती आणि विजयमालाला ती दारात उभं राहून एकेकीकडून परत मागावी लागली. दिलेलं वाण परत मागणारी सवाष्ण सोलापुरात त्याआधी झाली नसावी. काही जणींनी कार्ड दिलं आणि बोलणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टीलचे चमचे घेऊन बत्तीस दारं फिरली तेव्हा कुठं जरा वातावरण निवळलं.

पण चंद्र काही निवळेना. नागूबाईंनी फेरपरीक्षेची मागणी केली, अण्णारावांनी त्या मागणीला सेक्रेटरी म्हणून पाठिंबा दिला, आणि संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर आलेल्या बायका खाली जाईनात. विजयमालानं लाकडी फळीवर बसवलेला होल्डर, त्यात बल्ब आणि एक पांढरा रबरी चेंडू असं सामान वर नेलं. बल्ब सूर्य, चेंडू चंद्र आणि आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. रोज तिन्हीसांजेला दोघी-तिघी चेंडू घेऊन बल्बसमोर स्वतःभोवती फिरत, आणि जुळे सोलापूरच्या पाण्याच्या टाक्यांवर खरा चंद्र, जेव्हा असेल तेव्हा, हे बघत राही. कोण कुठं अडते, हे तिला पाठ झालं. कृष्णाबाई ग्रहण आणि अमावास्या एकच समजत. कमलाक्षी चेंडूऐवजी बल्बकडे बघे. कुणाला कसं सांगितलं की पटतं, हेही तिला कळत गेलं, पण आपण शिकवतोय असं तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटत होतं, पाठाची तयारी राहूनच जातेय. पंधरवड्यात एकतीस जणींना पटलं. नागूबाईंना नाही. त्या गच्चीवर आल्याच नाहीत.

एव्हाना यादी बदलायला हवी होती. फुकटात एकच वर्ग, म्हणजे या बायकांची नावं काढून सातवी ब ची घालायची. एका दुपारी ती बसली, बटण दाबलं, आणि पडद्यावर प्रश्न आला की, या बत्तीस जणींना कायमचं पुसून टाकायचं आहे का?

तिचा हात थांबला. संक्रांतीचे दिवस, हळदीकुंकवाला आलेल्या बत्तीस सवाष्णी, आणि त्यांना कायमचं पुसायचं? तुम्ही दाबलं असतं का बटण? ती तळमजल्यावर गेली. गौरम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "रथसप्तमी होईस्तोवर हात लावू नको बाई," त्या म्हणाल्या. "कुणाचं काय वाईट झालं तर जन्मभर तुझ्या नावानं खडे फोडतील." ते पटण्यासारखं होतं. रथसप्तमी झाली तर मंगळवार आला. मंगळवार गेला तर चतुर्थी निघाली. शेवटी दोघींनी कॅलेंडर बघून गुरुवार पक्का केला. पाठ शुक्रवारी होता, म्हणजे एक दिवस हातात राहत होता.

दरम्यान प्रोजेक्टरचं प्रकरण कागदावर सुरू होतं. सराव शाळेच्या संगणक कक्षात प्रोजेक्टर होता, पण दसऱ्याला पूजा झाल्यापासून तो कुणी चालू केला नव्हता. तो मिळण्यासाठी मुख्याध्यापकांना कॉलेजचं पत्र हवं होतं. कॉलेजला पत्र देण्यासाठी शाळेची संमती हवी होती. संमतीसाठी शाळेला पत्राचा जावक क्रमांक हवा होता. हे वर्तुळ विजयमालानं सात वेळा रिक्षानं पूर्ण केलं. बिराजदार सरांनी तेवढ्यात टाचण परत पाठवलं, कारण शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात ऑनलाइन साधनाची आकृती काढली नव्हती. तिनं पेन्सिलीनं मोबाइल काढला, मोबाइलमध्ये कार्ड काढलं आणि खाली नाव घातलं. सर म्हणाले, छायांकन कमी आहे. शेवटी सयाजीरावांनीच मार्ग काढला. त्यांनी आपल्या कचेरीतल्या अनुभवानं एकाच तारखेची दोन पत्रं लिहून दिली, दोन्ही पत्रांत दुसऱ्या पत्राचा संदर्भ घातला, आणि दोन्ही दप्तरांचं समाधान झालं.

आणि बुधवारी सकाळी आठ वाजता फोन आला. परीक्षक शुक्रवारी कुठल्याशा प्रशिक्षणाला जाणार होते, म्हणून पाठ आजच, अकरा वाजता.

भाकरी तव्यावर तशीच राहिली. तिनं कार्डं घेतली, फळी, बल्ब, चेंडू घेतला, साडीला दोनदा पिन टोचली आणि रिक्षात बसली. सात रस्ता चौक ओलांडेपर्यंत ती आजच्या वर्गाची स्वप्नं बघत होती. छत सरकलं, चंद्र आला, पोरं हसली. सगळं दिसलं तिला, एक यादी सोडून.

परीक्षक नागटिळक सर बार्शीचे. उंच, खंगलेले, खिशाला दोन पेनं. सत्तावीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. संगणक कक्षाच्या शेवटच्या खुर्चीत ते गुणपत्रिका मांडीवर घेऊन बसले तेव्हा खोलीतली हवाच कमी झाल्यासारखी वाटली. मुलं एकतीस होती. तिनं एकपासून कार्डं वाटली, शेवटचं एक उरलं. "उरलंय तर मला द्या," सर म्हणाले. "बघू तरी काय प्रकार आहे." बत्तीस नंबरचं कार्ड त्यांच्याकडे गेलं.

पहिला प्रश्न सोपा होता. कार्डं वर गेली, तिनं मोबाइल सावकाश फिरवला, आणि पडद्यावर नावं उमटली. कमलाक्षी, बरोबर. कृष्णाबाई, बरोबर. गौरम्मा, चूक.

वर्गात क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग एकदम खसखस पिकली. विजयमालाला वाटलं, आत्ता पिठाचे हात झटकून आपण ओट्याशी जागे होऊ. पण ओटा नव्हता, करपल्याचा वासही नव्हता. मागून नागटिळक सरांचा आवाज आला की, ही कुठल्या वर्गाची यादी आहे?

"माझ्या पहिल्या वर्गाची, सर," ती म्हणाली.

आता बोलून गेली होती, तर पुढचं सांगणं भागच होतं. तिनं मुलांना सगळं सांगितलं. हळदीकुंकू सांगितलं, कार्डांचं वाण सांगितलं, एकतीस जणी कशा चुकल्या तेही सांगितलं. मुलं खुर्च्यांच्या टोकावर येऊन ऐकायला लागली. पाणी कुणी मागितलं नाही. दुसऱ्या प्रश्नानंतर प्रत्येकानं आपण कोण ते शोधून काढलं. दुसऱ्या रांगेतला सिद्धांत गौरम्मा होता आणि त्याला त्याचा फार अभिमान वाटत होता. मग तिसरा प्रश्न आला, कलांचा, आणि सातवी ब पैकी वीस जणांनी बिनदिक्कत पृथ्वीची सावली धरली.

तिनं पडदे ओढले, बल्ब लावला आणि चेंडू हातोहात फिरायला लागला. कोण कुठं अडणार हे तिला आधीच ठाऊक होतं, कारण तिथं गच्चीवर कुणी ना कुणी अडून गेलं होतं. बल्बकडे बघणाऱ्या मुलीला ती म्हणाली, कमलाक्षीचंही असंच व्हायचं, तू चेंडूकडे बघ. मुलगी हसली आणि चेंडूकडे बघायला लागली. अंधारात एकेका चेहऱ्यावर उजेड पडत होता, आणि विजयमाला आपल्या स्वप्नातल्या वर्गाला त्या वेळी पार विसरून गेली होती. हा वर्ग कितीतरी जास्त आवाज करत होता.

तोच प्रश्न तिनं पुन्हा विचारला. मोबाइल फिरवला. पडद्यावर एकेक नाव हिरवं होत गेलं आणि शेवटचं एक लाल झालं. नागूबाई, चूक.

"नागूबाई कोण?" सिद्धांत म्हणाला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सगळ्यांना आपापली नावं सापडली होती, ही एकच बाई उरत होती. विजयमालानं मागं बघितलं. नागटिळक सर पडद्याकडे बघत होते. त्यांनी कार्ड हळूच गुणपत्रिकेखाली सरकवलं होतं आणि त्यांचे कान लाल झाले होते.

बी.एड. त्या माणसाच्या पेनात होतं, जून महिना त्याच्या पेनात होता, सातवी ब सुद्धा. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला त्यातलं काही आठवलं नाही. तिला एवढंच दिसलं की कुणीतरी सगळ्यांसमोर चुकलंय आणि खाली बघतंय. दारात वाण परत मागताना आपण असंच खाली बघत होतो.

"नागूबाई आमच्या सोसायटीत राहतात," ती म्हणाली. "आज आल्या नाहीत. त्यांचं उत्तर मागचंच राहिलं असेल. मोफतचं साधन आहे, थोडं इकडंतिकडं व्हायचंच."

मुलांना ते पटलं. मोफतच्या गोष्टींचा अनुभव त्यांनाही होता. घंटा झाली, पोरं बाई बाई करत कार्डं परत द्यायला तिच्या अंगावर आली आणि मग चपलांचा आवाज जिन्यानं खाली गेला. खोलीत बल्ब तसाच जळत राहिला. नागटिळक सर उठले, त्यांनी गुणपत्रिका टेबलावर ठेवली. ती कोरी होती. वर बत्तीस नंबरचं कार्ड ठेवलं आणि ते बल्बपाशी आले.

"त्या नागूबाई," ते म्हणाले, "त्यांनी समजा सत्तावीस वर्षं वर्गात सावलीच शिकवली असेल, तर?"

विजयमाला गच्चीवर बोलत असे तशीच बोलली. "तर त्यांना राग येणारच, सर. पण चेंडू हातात घेतला की पटतं."

सरांनी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. त्यांनी हात पुढं केला, तिनं चेंडू दिला. बल्बकडे पाठ करून ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी चेंडू छातीपाशी धरला. चेंडूवर काळी गोल सावली पडली.

"ही बघा," ते म्हणाले. आवाजात लहान मुलाची आशा होती. "पडलीच की सावली."

"ती तुमची आहे, सर," विजयमाला म्हणाली. "हात वर घ्या. डोक्याच्या वर."

त्यांनी हात वर घेतला. चेंडू पुरा उजळला. पांढरा, गोल, कुठंही डाग नाही. नागटिळक सर मान वर करून बघत राहिले. खिशातलं एक पेन खाली पडलं, तेही त्यांना कळलं नाही.

"आता बरोबर आहे का, बाई?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आता हळूहळू डावीकडं फिरा."